बोलोन्यातला कडू घास

मी इटलीले गेलतो म्हटलं का पवनारातले लोक आधी हसतात. मंग पुसतात, "कायले?" सैपाक कराले, म्हटलं का अजूनच हसतात. त्यायचं काई चुकत नाई. मी दुसरीतून शाळा सोडलेला मानूस. नदीकाठी वांगे-टमाटे लावणारा, अन् लग्नसराईत आचारी. माह्या हातचं वरण खाऊन एका लग्नात वरपक्ष रुसला होता. असा मानूस इमानात बसला, तं त्या इमानाचंच नशीब म्हणा.

त्याचं असं झालं. आमच्या गावच्या आश्रमात खेड्यातलं काम पायले विदेशी लोक येत. त्यातल्या इटलीच्या लोकायनं इकडल्या आठ जणायले महिनाभर आपल्या गावी बलावलं, शांतीच्या गोष्टी कराले. हे आठही जण मांस-मच्छी न खाणारे, बाहेरचं न खाणारे. मंग आचारी पाहिजे. माह्यापेक्षा चांगले दोन आचारी होते, पण त्यायच्या बायका नाई म्हणाल्या. माह्या बायकोनं एका दमात हव म्हटलं.

माय तवा बाजेवर होती. उठणं-बसणं बंद झालतं, जीभ तेवढी पहिल्यावानी चालत होती. निघायच्या दिवशी तिनं मले जवळ बसवलं.

"तिकडं लोकं काय काय खातात म्हणे. तू काईबी खाय, पण मांस-मच्छी तोंडात नको घेजो."

"माय, मले कोण देते वं? मी तं वाढणारा."

"तेच तं. तू वाढता वाढता चाखतं."

मी हसलो. तीबी हसली, पण हात सोडला नाई. "नाई घेणार म्हण." म्या म्हटलं, नाई घेणार. मंग सोडला.

गावाचं नाव बोलोन्या. लई जुनं गाव, सारं लाल विटायचं. अन् खाण्यासाठी नावाजलेलं, हे मले तिथं गेल्यावर समजलं. पहिल्यांदा जे डोळ्यात भरलं ते ओसरी. ओसरी घराले असते, त्या गावात रस्त्याले हाये. खांब, वर छत, खाली गुळगुळीत फरशी, अन् ती इथून तिथून साऱ्या गावात चालते. पानी आलं तरी मानूस ओला होत नाई.

आमच्यात मोठ्या एक बाई होत्या. गुजरातच्या, पांढऱ्या लुगड्याच्या. त्यायले सारे मोठ्या बाईच म्हणत. म्या पुसलं, "बाई, ये ओसरी किसकी है?"

"सबकी है, भैया."

आता सगळ्यायची हाये म्हणजे आपली नाई. दुसऱ्याच्या ओसरीत चप्पल घालून कसं जाव? म्या चपला काढून काखेत मारल्या. नवंबरचा महिना, फरशी बर्फावानी. अर्धा बजार मी तसाच अनवाणी चाललो. लोक थांबून पायत होते. मले वाटलं माह्या फेट्याले पायतात, म्हणून मी छाती काढून चाललो. शेवटी मोठ्या बाईनं मागं वळून माह्या पायाकडे पायलं तवा समजलं.

त्या गावात दोन उंचच उंच मनोरे हायेत, त्यातला एक वाकडा. मी त्याच्या वाकड्या बाजूनं कधी गेलो नाई. दुकानात डुकराच्या मांड्या टांगलेल्या, कपड्याच्या दुकानात धोतरं टांगतात तशा. चीज बैलगाडीच्या चाकाएवढं. त्या दुकानाच्या समोरून मी नाक दाबून जात होतो अन् डोळे मात्र उघडे ठेवत होतो. भाजीबजारातली वांगी पायली तं लाज वाटली. माह्या वांग्यायले आळ्या नसत्या, तरी तशी चमक आली नसती.

आमाले राहायले एका बुढीच्या घरचा वरचा मजला देल्ला होता. बुढी खाली एकटीच राहे. काळा झगा, जाड मोजे, मिशी माह्यापेक्षा जराशीच कमी. पहिल्या दिवशी म्या तिखटाची फोडणी टाकली, तशी ती खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकाले लागली. ठकठक ठकठक. मले वाटलं पसंत पडली. म्या अजून दोन मिरच्या टाकल्या. मंग ती वरच आली, डोळे पुसत, खोकलत, अन् इटलीच्या भाषेत मले अशी बोलली का एक शब्द समजला नाई तरी सारं समजलं.

दुसऱ्या दिवशी माफी मांगाले मी तिच्या सैपाकघरात गेलो. ती खाटेएवढ्या पाटावर मैद्याची पोळी लाटून राह्यली होती. बेलणं हातभर नाई, चांगलं दोन हातायचं. पोळी अशी पातळ का खालचा पाट दिसे. आमच्याकडे मडक्यावर मांडे करतात, त्या बायायनंबी हात जोडले असते. म्या इशाऱ्यानं म्हटलं, मले दे. तिनं देल्लं. म्या पोळीले भोक पाडलं. तिनं माह्या हातावर चापट मारली अन् भोक अंगठ्यानं बुजवलं.

मंग ती पोळीचे लहान लहान तुकडे करून त्यात काईतरी भरे, अन् बोटाले गुंडाळून मुरड घाले. करंजीची लहान बहीण. आत काय हाये, म्या बोट दाखवून पुसलं. तिनं माह्याकडे पायलं अन् डुकराचा आवाज काढला. असा बेस काढला का मी मागं सरकलो. म्या हात जोडून, कान पकडून सांगतलं का आमी खात नाई. ती हसून हसून पाटावर पडाले आली. त्या दिवसापासून जिन्यात भेटली का आधी डुकरावानी करे, मंग नमस्कार.

असे बारा-चौदा दिवस गेले, अन् तार आली.

मोठ्या बाईनं वाचली. माय गेली होती. जाऊन चार दिवस झालते. आग लहान भावानं देल्ली होती. आमचं परतीचं तिकीट महिन्याच्या शेवटचं, आधी जाणं होत नव्हतं. मोठ्या बाईनं माह्या पाठीवर हात ठेवला. म्या आयुष्यभर साऱ्यायले हसवलं, त्या वेळेस तोंडातून हसूच निघालं. मलेच त्याची भीती वाटली.

ओसरीतल्या एका न्हाव्याकडे गेलो. डोक्यावर हात फिरवून दाखवला, मिशीवर फिरवून दाखवला. डोकं त्यानं केलं. मिशीपाशी वस्तरा थांबला. त्यानं आरशातून माह्याकडे पायलं अन् भुवया वर केल्या. म्या मान हलवली. त्यानं परत पायलं. म्या परत मान हलवली. मंग त्यानं लई हळू काढली.

आता आमच्याकडची रीत अशी. घरात मौत झाली का चूल पेटत नाई. शेजारचे, सोयरे झुणका-भाकर, वरण-भात घेऊन येतात. त्याले कडू घास म्हणतात. तो मांगाचा नसते. कोणी आणला तं त्याले नाई म्हणाचं नसते. तो खाल्ल्याबिगर मेलेल्या मानसाले घरातून निरोप देल्ल्यावानी वाटत नाई.

मी चूल पेटवली नाई. आचारी सुतकात, म्हणून बाकीचे ब्रेड-केळी खाऊन राह्यले. अन् मी कोपऱ्यात सतरंजीवर बसून वाट पायत होतो. आज आणन कोणी, आता आणन. पण आमच्यातले कोणी गुजरातचे, कोणी बंगालचे, एक मद्रासकडचा. आमच्या भागातला मी एकटाच. त्यायले ही रीत काय माहीत? एकानं माह्यासमोर पाव आणला, तं मोठ्या बाईनं त्याले अडवलं.

"नहीं, नहीं. भैया उपवास कर रहे हैं. एकांत दो."

बाप रे. मी उपासानं मरून राह्यलो, अन् हे लोक माह्याकडे साधूकडे पायतात तसे पायत होते. बंगालच्या भाऊनं येता-जाता मले हात जोडले. सांगाव तं कसं सांगाव? मले कडू घास आणून द्या, असं कोणी आपल्या तोंडानं म्हणते का? दोन दिवस मी पानी पिऊन बसलो. भुकेचं तेवढं काई नाई. माय तिकडं दारातच उभी असन, असं वाटे. पोट्ट्यानं अजून घास नाई खाल्ला म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी बुढी वर आली. फोडणीचा वास बंद झाला होता ना. दोन हप्ते जिनं त्या वासापायी छत ठोकलं, ती तो का येऊन राह्यला नाई म्हणून पायले आली. दारातून मले पायलं. बोडकं डोकं, मिशी नाई. डुकराचा आवाज काढाले तोंड उघडलं होतं, ते तसंच राह्यलं. मोठ्या बाईनं तिले कसंतरी सांगतलं, मां, अन् हात वर केला. बुढीनं छातीवर क्रूसावानी बोटं फिरवली अन् खाली गेली.

दुपारी परत आली. हातात खोलगट बशी, वर फडकं. फडकं काढलं, तं त्याच मुरडीच्या करंज्या. या खेपेले मोठ्या, वर लोणी सुटलेलं. बशी तिनं माह्यासमोर जमिनीवर ठेवली, अन् खुर्ची ओढून बसली.

आत काय असते, तिनंच आवाज काढून सांगतलं होतं. निघताना माह्या हाताले धरून मायनं जे म्हणवून घेतलं होतं, ते या बशीत मोडणार होतं. अन् नाई म्हणाव, तं कडू घास परत जाते. पूर्ण गावात एकच मानूस तो घेऊन आला होता. दुसरा कोणी आणणार नव्हता.

मोठ्या बाई म्हणाल्या, "भैया, इसमें मांस हो सकता है. रहने दो. वो समझ जाएगी."

म्या बुढीकडे पायलं. ती गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. माय कोणाच्या घरी कडू घासाचं टोपलं घेऊन जाये, तं अशीच बसे. समोरचा खाऊन होईपर्यंत उठत नव्हती. एकदा ढिवराच्या घरी पूर्ण दुपार बसून होती, त्याचा पोरगा नदीत बुडून गेलता तवा.

मी मनात म्हटलं, माय, तूच पाय आता. अन् डोळे मिटून एक उचलली, न चावता गिळली. गरम होती. घशापासून पोटापर्यंत जाळत गेली. दुसरीबी तशीच गिळाले गेलो, पण ती अडकली. चावावी लागली. चावली, तं आत छन्ना, फाटलेल्या दुधाचा चोथा असते तो. छन्ना अन् बारीक हिरवी भाजी. तिसरी तोडून पायली. चौथी तोडून पायली. सगळ्यात छन्नाच.

म्या वर पायलं. बुढीनं कान पकडून दाखवले, मी पकडले होते तसे, अन् मान हलवली. डुकराचा आवाज नाई काढला.

मी पापाले तयार होऊन बसलो होतो, अन् तिनं ते होऊच देल्लं नाई. तवा मले रडू फुटलं. तोंडात घास, नाकातून पानी, अन् गुळगुळीत चेहरा. मोठ्या बाई तोंड फिरवून खिडकीपाशी उभ्या राह्यल्या. बुढी उठली नाई. बशी रिकामी झाली तवाच उठली.

महिना भरला तवा घरी आलो. तेरवी कवाचीच झालती. मोठी बहीण माहेरी थांबून होती माह्यासाठी. तिनं इटलीचं एक अक्षर पुसलं नाई. समोर बसली अन् पुसलं, "बापू, तुले तिकडं कडू घास कोनं देल्ला?"

"खालच्या घरच्या बुढीनं."

"काय होतं?"

"करंज्या. आत छन्ना अन् भाजी. पान्यात उकडलेल्या."

"पान्यात? तळल्या नाई?"

"नाई."

तिनं पदर डोळ्याले लावला.

"तेल नसन बिचारीच्या घरी," ती म्हणाली. "तरी तिनं केल्या."

मी हव म्हटलं. लोण्याचं काई सांगतलं नाई.