बिनआवाजाची आसारी

आमच्या येवल्यात कुणाला नावं ठेवायची तर वेगळा वेळ काढावा लागत नाही, चहा पिता पिता उरकतं. आणि त्या कामात आमचे शेजारी हनीफभाई यांचा हात धरणारा अख्ख्या गल्लीत कोणी नाही. पैठणी विणणारा माणूस. मागावर बसला की तोंडातून शब्द नाही, आणि उठला की सगळी कसर भरून काढणार. नवा रस्ता झाला, "ह्याला रस्ता म्हणायचं?" जावयाने घर बांधलं, "खुराडं हाय." मी नाशिकची, तिथल्या द्वारका चौकाजवळची. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या हातचा चहा पिऊन म्हणाले होते, "नाशिकला पाणी लय हाय वाटतं, वहिनी." तेव्हापासून मी त्यांना चांगली ओळखून आहे.

संक्रांतीला मात्र हा माणूस गल्लीचा राजा. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस येवला गच्चीवरच राहायला जातं. बाकीच्या गावांत मांजा चक्रीवर गुंडाळतात, आमच्याकडे आसारी असते. लांब दांड्यावर बांबूच्या पात्यांचा मोठा पिंजरा, त्यावर मांजा. दांडा दोन्ही हातांनी पेलून गरागरा फिरवायचा. फिरताना पाती अशी करकरतात की बाजूच्या गच्चीवरच्याला न बघता कळतं, कोण ढील देतोय आणि कोण ओढतोय. हनीफभाई आसारी फिरवायला लागले की आमचे हे, म्हणजे माझे यजमान निवृत्ती, हातातली पोळी तशीच ठेवून कठड्याशी जायचे.

पण दोन वर्षांपूर्वी हनीफभाईंचा उजवा खांदा गेला. एवढी वर्षं मागावर वाकून जाणार नाही तर काय! गुलजारबी, त्यांची बायको, रोज तेल चोळायची आणि रोज सांगायची, "अब बस करो. उमरला द्या आसारी." उमर तिचा धाकटा भाऊ, शेजारच्याच गच्चीवर पतंग उडवणारा. पण आमच्या गल्लीची एक रीत आहे. पतंग हवेत असताना आसारी दुसऱ्याच्या हाती दिली की ती परत मागायची नाही. देणारा मग हलकडीचा छोटा डफ काडीने वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांत जाऊन बसतो, तो कायमचा. हनीफभाईंना त्या म्हाताऱ्यांची नावंसुद्धा घ्यायला आवडत नसे. "ते बसलेले लोक," म्हणायचे.

अशा वेळी, गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी, गल्लीत एक कंपनी आली. नाशिकची, बॅडमिंटनच्या रॅकेट बनवणारी. कोणाच्या डोक्यात काय आलं देव जाणे, त्यांनी कार्बन फायबरची आसारी बनवली होती. काळी, चकचकीत आणि वजनाला एवढीशी. तेजल नावाची मुलगी ती घेऊन आली. घरटी एक आसारी फुकट वाटली आणि म्हणाली, "काका, संक्रांतीला वापरून बघा. नंतर मी येते, तुमचं मत कॅमेऱ्यावर घेते. सगळ्यांना आवडली तरच कंपनी पुढे बनवणार आहे."

ती गाडीत बसायच्या आत मतं सुरू झाली. हनीफभाईंनी ती आसारी दोन बोटांत अशी धरली, जशी मेलेली पाल. "बॅडमिंटनची फुलं मारणारे आता आम्हाला पतंग शिकवणार!" उमर म्हणाला, "दुल्हाभाई, हिच्यावर कपडे वाळत घाला." आमचे हे कशाला मागे राहतात? "रॅकेटवाल्यांनी रॅकेटच करावी," म्हणाले आणि आसारी माळ्यावर फेकल्यासारखी ठेवली. फेकल्यासारखी, फेकली नाही. माझं लक्ष होतं.

संक्रांतीच्या आठवड्यात पेठेतल्या राजच्या हार्डवेअरच्या दुकानात पिवळा ऑइलपेंट मिळेना. मला पाटाला लावायला हवा होता. राज म्हणाला, "काकू, तुमच्या गल्लीनेच संपवला. काय, सगळ्यांकडे लग्नं काढलीत का?"

संक्रांतीला गच्चीवर गेले आणि उलगडा झाला. प्रत्येक कठड्याशी पिवळीधमक आसारी. लांबून बघितलं तर बांबू वाटावा, असा रंग या शहाण्यांनी दिला होता. रंग दिला, वर एकदोन ठिकाणी सुतळी गुंडाळली, आणि आपल्याला कोणी ओळखणार नाही असं समजून सगळे आभाळाकडे बघत बसले. एकाच्याही डोक्यात आलं नाही की आसारी करकरते. त्या दिवशी हलकडी वाजत होती, पोरं ओरडत होती, पतंग कटत होते, आणि अख्ख्या गल्लीत एकही आसारी करकरत नव्हती. प्रत्येकाला दुसऱ्याची ऐकू येत होती, म्हणजे येत नव्हती, आणि प्रत्येक जण तोंडात तिळाचा लाडू धरून गप्प होता. एवढी मोठी माणसं! मला हसू आवरेना.

पण एक खरं सांगते, हनीफभाई तीनही दिवस उडवत होते. खांद्याला हातसुद्धा लावला नाही. कर संपताना गुलजारबी मला म्हणाली, "रात को सोये आराम से." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मलाही बरं वाटलं.

नंतर तेजल कॅमेरा घेऊन आली. आता तरी माणसाने दोन शब्द बरे बोलावेत की नाही? हनीफभाई नवी टोपी घालून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ही आसारी नाय. हे पोरींचं खेळणं हाय. हातात वजन नाय लागलं तर पतंग उडवल्यासारखं वाटंल का? मी तर हात पण नाय लावला हिला." मागे खुंटीला ती पिवळी आसारी लटकत होती. उमर त्याच्याहून वाईट बोलला. आमचे हे तर पाच मिनिटं संस्कृतीवर बोलले. ती मुलगी मान हलवत राहिली. तिला आवाजाचं काय ठाऊक असणार? जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, कोणालाच आवडली नाही हो." मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी माझ्याकडे असं बघितलं की तिथल्या तिथे भांडण झालं असतं. तेजल निघून गेली. भांडण मग झालंच.

यंदा भोगीच्या सकाळी हनीफभाईंनी कठड्यावर टेकवलेली आसारी घसरून रस्त्यावर पडली. खालून कांद्याची ट्रॉली चालली होती. पिवळ्या रंगाखालचा काळा चुरा रस्ताभर झाला. त्यांनी माझ्यासमोरच तेजलला फोन लावला. आवाज एवढा गोड, की हा माणूस असंही बोलू शकतो हे मला नवीनच होतं. "बेटा, ती आसारी अजून एक मिळंल का? नाय, मला नको. पाहुण्याला पायजे."

"काका, ती बंद केली ना. मीटिंगमध्ये तुमचाच व्हिडिओ आधी लावला होता. तुम्ही एवढे जुने उडवणारे, तुम्हीच नाही म्हणालात म्हटल्यावर साहेबांनी लगेच थांबवलं."

फोन ठेवून ते बराच वेळ खांदा चोळत बसले. मग उठून उमरकडे गेले. मी कठड्याशीच होते, सगळं ऐकलं.

"तुझी ती काळी आसारी दे. तीन दिवस."

उमरने भुवया उडवल्या. "कोणती? दुल्हाभाई, असलं पोरींचं खेळणं आपल्या घरात नसतं."

हनीफभाई आमच्याकडेही आले. आमचे हे माळ्याकडे न बघता म्हणाले, "ती तर आम्ही केव्हाच भंगारात दिली." मी यांच्याकडे बघितलं. हनीफभाई गेल्यावर मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यावर हे म्हणतात, "एकदा काढून दिली की गल्लीला कळेल ना." जसं काही गल्ली बहिरी आहे!

संक्रांतीला हनीफभाईंनी जुनी बांबूची आसारी काढली. सकाळभर ती एकटीच करकरत होती. दुपारी आवाज तुटक यायला लागला. थोडा करकराट, मग थांबणं, मग परत. मी वर जाऊन बघितलं तर चेहरा घामाने भिजलेला, उजवा हात लोंबतोय, आणि पतंग ऐन आभाळात. त्यांनी उमरला हाक मारली. तो उडी मारून या गच्चीवर आला. हनीफभाईंनी त्याच्या हातात आसारी दिली आणि त्याच्याकडे न बघता म्हाताऱ्यांत जाऊन बसले. कोणीतरी पुढे हलकडी सरकवली.

उमरने तो पतंग उतरवला. मग बांबूची आसारी कठड्याला टेकवून ठेवली, घरी जाऊन स्वतःची पिवळी घेऊन आला आणि नवा पतंग चढवला. ढील दिली. काही आवाज नाही.

हनीफभाई काडी हातात धरून ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"वहिनी, तीच हाय ना?"

"तीच आहे. सगळ्यांकडे तीच आहे."

मला वाटलं, आता उमरला शिव्या देतील. मी तयारीत होते, दोन मीही घातल्या असत्या.

"मागितली तर नाय म्हणाला," ते म्हणाले. मग हलकडी मांडीवर ओढत, "त्याने मागितली असती तर मी पण नायच म्हटलं असतं."

आणि डाव्या हाताने हलकडी वाजवायला लागले.