दुसऱ्या ठोक्याची वाट

१२ जानेवारी रोजी सरळमार्गी माझ्याकडून बहात्तर रुपये उसने घेऊन गेले. त्यांना एक जाड वही आणि दोन पेनं घ्यायची होती. आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मी हिशेब पाहतो, ते टायरच्या स्टोअरमध्ये बसतात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला वही कशाला, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. झोप लागत नाही, म्हणून ते डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. बाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, जे झालं ते लिहून काढा, हलकं वाटेल.

जे झालं ते यार्डात सगळ्यांना ठाऊक होतं. सरळमार्गी पूर्वी ट्रक चालवायचे आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ त्यांच्याच गाडीवर क्लीनर होता. गाडी मागे घेताना क्लीनर मागच्या बाजूला उभा राहून पत्र्यावर हाताने ठोके देतो. दोन ठोके म्हणजे येऊ द्या, एक म्हणजे थांबा. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी गाडी मागे आली आणि भाऊ गोदामाच्या भिंतीशी चिरडला. क्लीनरने इशारा दिला नाही, असं अहवालात लिहिलं गेलं आणि प्रकरण मिटलं. त्यानंतर हे गृहस्थ गाडी मागे घेईनातच. सबंध यार्डाला वळसा घालतील, पण रिव्हर्स टाकणार नाहीत. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, यांच्या गाडीला मागचा गिअर द्यायला कंपनी विसरली. सरळमार्गी हे नाव तेव्हाचं. शेवटी त्यांनी स्टेअरिंग सोडलं आणि टायर सांभाळायला बसले.

आठवडाभराने त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. अक्षर नीट होतं. लिहिलं होतं, "सदर वाहन मागे घेत असता सदर इसम वाहन व भिंत यांमध्ये सापडला. चालकास इशारा मिळाला नाही." उभ्या नोकरीत त्यांनी फुटलेल्या आरशांचे आणि घासलेल्या दारांचे जबाब लिहिले होते. लिहायचं म्हणजे असंच, अशी त्यांची समजूत होती.

"सदर इसम कोण?" मी विचारलं.

"धाकटा."

"मग धाकटा लिहा. आणि चालक कोण?"

त्यांनी वही उचलली आणि ते स्टोअरकडे गेले.

पण लिहिणं थांबलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ते वही घेऊन यायचे आणि मी वाचायचो. धाकटा केबिनमध्ये झोपताना पाय खिडकीबाहेर काढायचा. स्वतःच्या लग्नात थोरल्याचे बूट घालून उभा राहिला आणि दिवसभर लंगडला, कारण ते दोन बोटं लहान होते. असं वाचताना आम्ही दोघेही हसायचो. पानोपानी "चालक" खोडून "मी" केलेलं होतं. फक्त त्या दुपारचं पान कोरं होतं.

मार्चअखेरीच्या गडबडीत ते पान आलं. दोनच ओळी होत्या. "मी एक ठोका ऐकला. दुसरा येईलच असं धरून मी गाडी मागे घेतली."

मी ते दोनदा वाचलं. मग म्हटलं, बाईंनी सांगितलेलं काम झालं, आता वही कपाटात ठेवा. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी नकारार्थी मान हलवली. भावजय आणि पुतणी त्यांच्याच घरात राहत होत्या. भावजय इतकी वर्षं मेलेल्या नवऱ्यालाच बोल लावत होती. त्याचं कामात लक्ष नव्हतं, स्वतःच्या हाताने गेला आणि आम्हाला उघड्यावर टाकलं. मुलगी तेच ऐकत वाढली होती.

"धाकट्याची बायको त्याचा फोटोही लावत नाही, साहेब," ते म्हणाले. "आणि घरात पहिलं ताट मला वाढते."

भावजयीला वही वाचून दाखवायला त्यांनी मला घरी नेलं, कारण स्वतःच्या आवाजाचा भरवसा नव्हता. रविवारची दुपार होती. भावजय स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून शर्टाला बटणं लावत होती. शर्ट सरळमार्गींचा होता. मी सुरुवात केली. बुटांच्या गोष्टीला ती गालात हसली आणि म्हणाली, पायाला फोड आले होते, मीच तेल लावलं होतं. शेवटच्या पानाशी माझं वाचन अडलं. सरळमार्गींनी वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली. त्या दोन ओळी त्यांनी तोंडी सांगितल्या.

भावजयीची सुई थांबली. मग तिने एकच गोष्ट विचारली.

"ठोका जोरात होता का, भाऊजी?"

"जोरात होता."

"म्हणजे त्यांनी सांगितलं होतं."

तिने दोरा दातांनी तोडला, शर्टाची घडी घालून त्यांच्यासमोर ठेवली आणि आत गेली. आतून तिचा आवाज ऐकू आला. ती मुलीला सांगत होती की तुझ्या बाबांनी थांबा म्हटलं होतं.

महिनाअखेरीस दोघी भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. जाण्याआधी भावजयीने त्यांचा डबा भरून ठेवला होता. नवऱ्याचा फोटो तिने ट्रंकेतून काढला आणि हातात धरूनच रिक्षात बसली, पिशवीत ठेवला नाही. हे सरळमार्गींनी मला टायरच्या थप्पीला टेकून सांगितलं.

मी विचारलं, बाई म्हणाल्या तसं हलकं वाटतं का.

"घर हलकं झालं," ते म्हणाले.

"झोप?"

"लागते आता. तेच वाईट वाटतं."

मी येत्या महिन्यात निवृत्त होतोय. त्यांनी पन्नास रुपये परत केले. बावीस अजून येणे आहेत.