वेखंडाचा वास

खोलीची कडी काढून मी नातवाला सुनेच्या हाती दिलं. तिने त्याचा गाल हुंगला आणि विचारलं, "आई, याला काही चाटवलंत का?" त्या प्रश्नासरशी मी कराडजवळच्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचले.

तेव्हा माझं लेकरू पाजलं की लगेच दूध ओकायचं. पोटातलं आंबट वर येतंय, पाजल्यावर अर्धा तास उभं धरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाई शेजारणींसमोर म्हणाल्या, "उभं धराया ते काय निशाण हाय व्हय?" पण दर वेळी पाजून झालं की त्या बाळाला आतल्या खोलीत न्यायच्या आणि कडी लावायच्या. बाळ परत यायचं ते शांत, आणि गालाला वेखंडाचा वास. चोरून उगाळून चाटवतात, अशी माझी खात्रीच झाली. सहाण पाहिली, तर कोरडी. संशय आणखी वाढला.

एके दिवशी मी दाराच्या फटीतून पाहिलं. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाळ खांद्यावर उभं, त्याच्या गालाखाली ठेवणीतल्या लुगड्याची मऊ घडी. कसर लागू नये म्हणून त्यांच्या ट्रंकेत वेखंड असायचं. त्यांची नजर घड्याळावरून हलत नव्हती.

सुनेला मी हे सगळं सांगितलं आणि माझ्या खांद्यावरची तीच घडी हुंगायला दिली. नातवालाही पाजल्यावर उभं धरा म्हणणाऱ्या तिच्या डॉक्टरला मी कालच नावं ठेवली होती, ते ती विसरली नव्हती.

"ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण मग तुम्ही कडी का लावलीत?"