ऑर्विल ब्रुनेलचं नाक

अमेरिकेच्या यकिमा खोऱ्यातल्या मॉक्सी गावात ऑर्विल ब्रुनेलचं नाक ही सार्वजनिक मालमत्ता होती. एकतीस वर्षं त्यानं भट्टीवर हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी, फुलं वाळवली. निवृत्त झाल्यावर गॅरेजमध्ये बिअर करणाऱ्या मंडळींनी त्याला डोक्यावरच घेतलं. दर सप्टेंबरला मळ्यांवरून नमुने यायचे. ऑर्विल मूठभर फुलं तळहातांत चोळायचा, ओंजळीत नाक खुपसायचा आणि म्हणायचा, "ही." त्याच्यानंतर कुणी फुलांना हात लावायचा नाही, असा रिवाजच होता. याच नाकानं त्यानं त्या मंडळींतल्या मर्व्हच्या गॅरेजमधला मेलेला उंदीर रस्त्यावरून ओळखला होता, आणि मर्व्हच्या दुसऱ्या बायकोचं अत्तरही, पहिली अजून घरात होती तेव्हा.

मार्चमध्ये ते नाक गेलं. सर्दी नाही, पडसं नाही. एका सकाळी कॉफीचं नुसतं गरम पाणी झालं. ऑर्विलनं कुणाला सांगितलं नाही. थोरल्या भावाचा, नॉर्बर्टचा, कंपवात असाच सुरू झाला होता. आधी वास गेला, दीड वर्षानं हात थरथरू लागले, आणि शेवटी त्याला चमच्यानं भरवायची वेळ ऑर्विलवर आली. वास गेला हे कबूल केलं की पुढचं सगळं कबूल केल्यासारखं होतं.

ऑगस्टमध्ये त्याचा चाळीस वर्षांचा दोस्त ड्वाइट वारला. ड्वाइटची बायको लोर्ना म्हणाली, "सुगी संपली की हॉलमध्ये सगळ्यांना बोलावू. त्याच्याच वहीतली आयपीए बिअर करून पाजायची. फुलं तू निवड."

"मर्व्ह निवडेल की."

"मर्व्हला दुधाचा आणि डिझेलचा वास वेगळा कळत नाही. तू निवड."

ड्वाइटच्या वहीत हॉप्सच्या तीन जाती लिहिल्या होत्या: उकळी येताच कडूपणासाठी चिनूक. आच बंद केल्यावर पपनसाच्या सालीच्या वासासाठी कॅस्केड. शेवटी पाइनच्या डिंकाचा वास यावा म्हणून सिमको. शेवटच्या दोन्ही किती, तर पुढे एकच शब्द: हुंगून.

सिमकोचे तीन नमुने आले. ऑर्विलनं चोळले, डोळे मिटले, श्वास घेतला. कोरा कागद हुंगावा तसं वाटलं. मग त्यानं तळव्यांवर भरवसा ठेवला. तिसऱ्या नमुन्याच्या फुलांतली पिवळी भुकटी इतकी चिकट, की बोटं सुटेनात. "ही," तो म्हणाला. आता उशिरा तोडलेली फुलं अशी चिकटतात, आणि उशिराच्या सिमकोला कांद्यालसणाचा वास मारतो, हे भट्टीवर जन्म घालवलेल्या माणसाला माहीत नसेल? माहीत होतं. त्यानं ते मनाशी येऊच दिलं नाही. उलट, कमी पडायला नको म्हणून आंबलेल्या बिअरमध्ये दुप्पट टाकली.

ऑक्टोबरात हॉल भरला. प्रार्थना झाली, पेले भरले. पहिल्या घोटानंतर अशी शांतता पसरली, की आणखी एक प्रार्थना म्हणावी की काय, असा फादरना प्रश्न पडला.

"ऑर्विल," मर्व्ह म्हणाला, "ड्वाइटला बर्गर आवडायचा म्हणून आठवणीनं कांदा घातलास होय?"

सगळे हसले. ऑर्विलही हसला, जरा उशिरा. "पपनस मात्र छान उतरलंय," तो म्हणाला.

पेल्यात पपनसाचा मागमूसही नव्हता. हसणं थांबलं. लोर्नानं त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"चाळीस वर्षं ड्वाइटचे मोजे धुतलेत मी. मला फसवू नकोस."

"मार्चपासून."

ती स्टुलावर बसली. "नॉर्बर्टसारखं?"

"तसंच."

"हात?"

"अजून नाही. कसला वास येतोय बिअरला?"

"शिळ्या लसूणपावाचा."

"फार?"

"फार."

"त्याची शेवटची बिअर मी नासवली, लोर्ना."

"नासवलीस," ती म्हणाली. "सोमवारी आठला गाडी घेऊन येते. डॉक्टरकडे जायचंय."

ऑर्विल बाहेर आला. मर्व्ह अर्धा पेला घेऊन खांबाला टेकला होता.

"मर्व्ह, पुढच्या वर्षीपासून फुलं तू निवड."

"मी? बायको म्हणते, माझं नाक फक्त चष्मा टेकवायला आहे."

"तू निवड."

मर्व्हच्या चेहऱ्यावर हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्याची नजर ऑर्विलच्या हातांकडे गेली. नॉर्बर्टला गावात सगळ्यांनीच पाहिलं होतं. त्यानं पेला टेबलावर ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदा मर्व्ह थट्टा न करता म्हणाला, "निवडतो."