वाणात दिलेला पासवर्ड

कावेरी शिंत्रेनं यंदाच्या संक्रांतीला वाण म्हणून काय लुटलं, हे ऐकलंत तर तुम्ही हसाल. बसवनगुडीतल्या तिच्या ओळखीच्या बायकांनी आजवर वाट्या दिल्या, गाळणी दिली, साबणाच्या डब्या दिल्या, एकीनं तर कपडे वाळत घालायचे चिमटे दिले. कावेरीनं घरच्या वायफायचा पासवर्ड दिला. पिवळ्या जाड कागदाची बोटभर चिठ्ठी, त्यावर नेटवर्कचं नाव, खाली पासवर्ड, कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट, आणि ती तिळगुळाच्या पुडीला दोऱ्यानं बांधलेली. नेट अमर्यादित, घरात माणसं तीन, वापरून वापरून किती वापरणार, असा तिचा सरळ विचार. बावीस बायका येऊन गेल्या. सगळ्या त्याच इमारतीतल्या नाहीतर लागून असलेल्या घरांतल्या, त्यामुळे वाण प्रत्येकीच्या घरापर्यंत पोचलं.

आता ही बाई कोण, ते सांगतो. कावेरी मूळची निपाणीची. शाळा मराठी, बाजार दोन्ही भाषांचा, त्यामुळे कन्नड तिला शिकावं लागलं नाही, ते आपोआप आलं. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन बंगळुरात आली ती थेट स्वयंपाकघरात. नवरा दयानंद होसकोट्याच्या कारखान्यात. सकाळी कंपनीच्या बसनं जायचा, दिवेलागणीला परतायचा. माणूस चांगला, पण घरातल्या यंत्रांच्या बाबतीत त्याचं एकच वाक्य: "तू हात लावू नकोस, मी आल्यावर बघतो." मिक्सर अडकला, हात लावू नकोस. टीव्हीचं चित्र गेलं, हात लावू नकोस. आणि आल्यावर तो बघायचा म्हणजे नुसता बघायचाच. तीस वर्षं हे चाललं.

गेल्या ऑगस्टात, बावन्नाव्या वर्षी, कावेरीला नोकरी लागली. पुण्याला असलेल्या लेकीनं गंमत म्हणून तिचा अर्ज भरला होता. परीक्षेत आई पहिली आली. काम एका विमा कंपनीचं: सीमाभागातल्या लोकांचे दवाखान्याचे कागद कन्नडातून मराठीत, मराठीतून कन्नडात करायचे, घरी बसून, कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपवर. सहा महिने उमेदवारी, मग कायम. तिला हे काम मनापासून आवडायचं. पहिल्या दिवशी लॅपटॉपवर आपलं नाव उमटलेलं बघून ती बराच वेळ नुसती बसून राहिली होती.

फेब्रुवारीत, एका सोमवारी, कंपनीचं पत्र आलं. कायम करण्याआधी घरच्या नेटवर्कची तपासणी होईल, शुक्रवारी अकरा वाजता, व्हिडिओवर. सोबत बारा मुद्द्यांची यादी. नापास झाल्यास रोज बेळ्ळंदूरच्या ऑफिसात यावं लागेल. बसवनगुडीहून बेळ्ळंदूर म्हणजे जायला दोन तास, यायला दोन तास, आणि घरात सासरे आप्पाजी, वय चौऱ्याऐंशी, दिवाळीत खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना दिवसभर एकटं टाकून जाणं शक्यच नव्हतं. थोडक्यात, शुक्रवारी नापास म्हणजे नोकरी गेली.

यादीतला पहिलाच मुद्दा होता, नेटवर्कवर किती यंत्रं जोडलेली आहेत. इंटरनेटवाल्यांच्या ॲपमध्ये एवढं दिसत होतं, बदलता मात्र काहीच येत नव्हतं. कावेरीनं उघडून बघितलं. एकतीस. पाच घरातली, बाकी सव्वीस वाणाची. त्याच दिवशी तिच्यापुढे निपाणीच्या एका बाईचे कागद होते, गर्भाशयाच्या ऑपरेशनचे, पत्ता तिच्या माहेरच्या गल्लीच्या मागचा. त्या बाईनं हे सख्ख्या जावेलाही सांगितलं नसेल. आणि इथे तिचे कागद नि सव्वीस परकी यंत्रं एकाच नेटवर्कवर. कावेरीला स्वतःची लाज वाटली.

"पासवर्ड बदलून टाक," रात्रीच्या जेवणाला दयानंद म्हणाला. "विचारलं तर सांग, बिघडलंय."

"अहो, वाण आहे ते. दिलेलं वाण कुणी परत घेतं का?"

"मग काय करणार?"

"बघते."

"तू हात लावू नकोस. रविवारी मी..."

"तपासणी शुक्रवारी आहे," कावेरी म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

वाण परत घेणं तर सोडाच, वरच्या मजल्यावरच्या भागुबाईंनी तिच्या भरवशावर स्वतःचं नेट बंदसुद्धा करून टाकलं होतं. भागुबाई म्हणजे तीन पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी घर, आजूबाजूच्या सगळ्या मराठी बायकांची भागुअक्का. रोज दुपारी चारला नागपूरच्या लेकीशी व्हिडिओवर बोलायच्या. ते बोलणं कावेरीच्या वायफायवर चालायचं. आता यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

मंगळवारी कावेरीनं यादी तीनदा वाचली. नवव्या मुद्द्यापाशी ती थांबली. पाहुण्यांसाठी नेटवर्क असल्यास ते मुख्य नेटवर्कपासून वेगळं असावं, असं लिहिलं होतं. म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असू शकतं तर. मग तिनं राउटरच्या कंपनीची माहितीपुस्तिका नेटवरून उतरवली, इंग्रजी होती, शब्दकोश घेऊन बसली. एकाच डब्यातून दोन नेटवर्क काढता येतात, एक घरचं, एक पाहुण्यांचं, आणि पाहुण्यांना घरच्या नेटवर्कमध्ये डोकावता येत नाही. बाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुनं नाव आणि जुना पासवर्ड पाहुण्यांच्या नेटवर्कला द्यायचा. बायकांचे फोन आपोआप तिकडे जोडले जातील, कुणाला कळणारही नाही. आणि स्वतःसाठी नवं नेटवर्क, नवं नाव, नवा पासवर्ड.

पण राउटरच्या आत शिरायचं तर त्याचा वेगळा पासवर्ड लागतो, तो कुणाकडे? बुधवारी सकाळी तिनं लाइन देणाऱ्या ऑफिसातल्या नागराजला फोन लावला. सगळं बोलणं कन्नडमध्ये.

"अक्का, तो पासवर्ड आमच्या आधीच्या माणसानं घातला होता. तो तुमकूरला गेला. मी पुढच्या आठवड्यात येतो, सरी, चालेल ना?"

"पुढच्या आठवड्यात नको. रीसेट केलं तर?"

"सगळं पुसलं जाईल. लाइनचं नाव, लाइनचा पासवर्ड परत घालावा लागेल. तुम्ही हात लावू नका, अक्का."

झालं. तेच वाक्य, आता कन्नडमध्ये. कावेरीनं पदर खोचला. "लाइनचं नाव आणि पासवर्ड मला पाठव."

"तो ग्राहकाला देत नाही."

"मग आज संध्याकाळपर्यंत तू ये."

"आज जमणार नाही."

"मग पाठव. मी फोन ठेवत नाही, नागराज. तू शोध, मी थांबते." आणि ती खरंच थांबली. एका हातानं मेथी निवडत, कानाला फोन लावून, वीस मिनिटं. शेवटी बिचाऱ्यानं पाठवला.

सकाळी अकराच्या सुमारास तिनं राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घातली आणि दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरली. दिवे विझले, पुन्हा लागले. सगळं पुसलं गेलं होतं. पाच मिनिटांत भागुबाई जिना उतरून दारात.

"कावेरी, नेट गेलं."

"मीच काढलंय, भागुअक्का. लावते परत."

"तू?" भागुबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जशी विजेच्या खांबावर चढलेली बाई बघावी. "स्वल्प, जरा लवकर बघ, चारला पोरीचा फोन असतो."

चार वाजेपर्यंतची मुदत मिळाली, म्हणजे आता गंमत राहिली नव्हती. लॅपटॉप केबलनं राउटरला जोडला, डब्याच्या बुडाच्या चिकटपट्टीवरचा पत्ता टाकला, आणि राउटरचं पान उघडलं. लाइनचं नाव घातलं, चुकलं. पुन्हा घातलं, पुन्हा चुकलं. नागराजनं पाठवलेल्यात शून्य होतं की इंग्रजी ओ, ते कळेना. ओ घालून बघितलं आणि हिरवा दिवा लागला. मग यादीतले मुद्दे एकेक करून. राउटरचा मुख्य पासवर्ड नवा, सोळा अक्षरांचा, वहीत लिहून वही कपाटात. बटण दाबून कुणीही जोडलं जाण्याची सोय बंद. बाहेरून राउटरमध्ये शिरण्याची सोय बंद. प्रत्येक ठिकाणी ती आधी वाचायची, मग शब्दकोशात बघायची, मगच बटण दाबायची. घाई तिनं एकदाही केली नाही.

मग आला सहावा मुद्दा: राउटरच्या आतली प्रणाली अद्ययावत करा, चालू असताना वीज बंद करू नका, नाहीतर राउटर कायमचा निकामी होईल. आणि आप्पाजींची काय सवय? दुपारचं जेवण झालं की काठी टेकत घरभर फिरायचं आणि दिसेल ते बटण बंद करायचं, वीज वाया जाते म्हणून. पडद्यावर बारा टक्के झाले होते, तेवढ्यात काठीचा टकटक आवाज सुरू झाला.

"मामा, हे बटण बंद करू नका."

"कशाला चालू आहे? कोण वापरतंय?"

"मी वापरतेय."

आप्पाजींना ऐकू कमी. ते येतच राहिले. कावेरी उठली आणि बटणावर तळहात ठेवून उभी राहिली. म्हाताऱ्यानं दोनदा काठीनं तिचा हात बाजूला सारायला बघितलं. ती हलली नाही. तीस वर्षांत तिनं सासऱ्यांचा हात पहिल्यांदा अडवला होता, आणि तिला त्याचं बिलकूल वाईट वाटलं नाही. शंभर टक्के झाल्यावर तिनं हात काढला आणि त्यांना ताक दिलं. मग ठरल्याप्रमाणे दोन नेटवर्क काढली, जुनं नाव नि जुना पासवर्ड पाहुण्यांना, नवं स्वतःला.

पावणेचारला वरून भागुबाईंचा आवाज आला, "आलं गं." लेकीचा फोन आता चुकणार नव्हता. ॲपमध्ये बघितलं तर पाहुण्यांच्या नेटवर्कवर सव्वीस, घरच्या नेटवर्कवर एकच यंत्र, कावेरीचा लॅपटॉप. आप्पाजींचा कुस्त्या बघायचा टॅब आणि नवऱ्याचा फोनसुद्धा तिनं पुढे पाहुण्यांतच घातला. का घालू नये?

शुक्रवारी अकराला पडद्यावर नंदकिशोर नावाचा तपासनीस आला, तिशीतला, नागपूरचा. सुरुवात इंग्रजीत केली, मग तिचं आडनाव वाचून मराठीवर आला. एकेक मुद्दा विचारत गेला, ती पडद्यावर दाखवत गेली. आठ मुद्दे झाले. नवव्याला तो अडखळला.

"मॅडम, गेस्टच्या यादीत अठ्ठावीस?"

कावेरीनं वाणाचं सगळं सांगितलं. तो हसला नाही, उलट काळजीत पडला. "असं करा, गेस्ट नेटवर्क बंद करून टाका. एक क्लिक. मी आत्ता लगेच पास लिहितो. अठ्ठावीस आकडा बघून माझे साहेब मलाच विचारतील."

एक क्लिक. नोकरी कायम. कावेरीचा हात माउसवर होता. तिला वर चालू असलेला भागुबाईंचा टीव्ही ऐकू येत होता. तिनं हात माउसवरून काढून मांडीवर ठेवला.

"नववा मुद्दा वाचा, सर. वेगळं असावं, असं लिहिलंय. किती असावेत, ते लिहिलेलं नाही. तुम्ही माणसं मोजू नका, वेगळं आहे का ते तपासा."

"कसं तपासू?"

"मी दाखवते." तिनं आपला फोन पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्यावर राउटरचा पत्ता टाकला. पान उघडलं नाही. घरच्या नेटवर्कला जोडून तोच पत्ता टाकला. उघडलं. मग पुन्हा पाहुण्यांच्यावर. उघडलं नाही. "बायका पुढच्या खोलीत बसतात, सर. कागदांच्या खोलीला दार आहे, ते मी बंद केलंय."

नंदकिशोरनं थोडा वेळ काही टाइप केलं. मग उरलेले तीन मुद्दे भराभर झाले. "पास," तो म्हणाला. कावेरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"शेवटचं एकच, मॅडम. नेटवर्कला काही झालं तर फोन कुणाला करायचा? कनेक्शन मिस्टरांच्या नावावर दिसतंय, त्यांचा नंबर टाकलाय मी."

"तो काढा," कावेरी म्हणाली. "ते होसकोट्याला असतात. तुमचा फोन गेला तर ते मलाच फोन करून विचारतील. माझा लिहून घ्या."

आणि तिनं आपला नंबर, एकेक आकडा सुटा करत, सावकाश सांगितला.