टप लग्नाला गेला

आमच्या जीपला दोन छपरं होती. एक कॅनव्हासचं, त्याला आम्ही हूड म्हणायचो. दुसरं पत्र्याचं, तो टप. सासऱ्यांनी जीप लष्कराच्या लिलावातून घेतली तेव्हा हूड तिच्यासोबतच आला. टप त्यांनी पुढे धुळ्याच्या एका कारागिराकडून करवून घेतला, लोखंडी चौकटीवर पत्रा ठोकून. पारोळ्यात तेव्हा जीप असलेली घरं मोजकीच होती आणि दोन छपरांची जीप तर आमचीच. साठचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याची मुलगी, पारोळ्याच्या शेतकरी घरात नवी सून.

टप चढवणं-उतरवणं माझ्याकडे कसं आलं, ते आधी सांगते. पहिल्या वर्षी पुरुषमंडळींनी टप उतरवला, नटबोल्ट एका घमेल्यात टाकले आणि घमेलं कुणीतरी शेणासाठी नेलं. पावसाळ्यापूर्वी टप चढवताना अर्ध्या बोल्टांच्या जागी सुतळी बांधावी लागली. पुढच्या वर्षी मी आधीच कापडी बटवे शिवून ठेवले. डाव्या बाजूच्या बोल्टांना लाल दोरा, उजवीकडच्यांना हिरवा, काचेच्या चौकटीवरच्यांना पांढरा. कोणते बोल्ट आधी सोडायचे आणि कोणते शेवटी, ते गोदामाच्या दाराला खडूने लिहून ठेवलं. काचेवरचे आधी, मागचे शेवटी. उलट केलं तर टपाचा सगळा भार पुढे येतो आणि काच तडकते. घरातल्यांनी हे दार वाचलं की नाही माहीत नाही, पण टप उतरवायचा म्हटलं की मला हाक मारायला लागले.

टप जड होता. विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोटेचं चाक रिकामं पडलं होतं, ते आम्ही अंगणातल्या निंबाच्या फांदीला टांगलं. नाडा बांधून दोघांनी ओढला की टप अलगद वर जायचा, खालून जीप पुढे काढायची, मग टप खाली घ्यायचा. पाडव्याला टप उतरायचा, मृगाच्या आधी चढायचा. पावसात आणि थंडीत टप, उन्हाळ्यात हूड, कडेचे पडदे गुंडाळून वर बांधलेले. खानदेशातल्या वैशाखात पत्र्याखाली कोण बसणार?

त्या वर्षी मात्र वैशाखातच आबांनी टप चढवायला सांगितलं.

सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, आणि सासूबाईंना अक्का. त्यांची एकुलती लेक, माझी नणंद, जामनेरला दिलेली. मी तिला ताई म्हणे. ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. मुलगा झाला, पण दिवस भरायच्या आधी झाला. अगदी मूठभर जीव. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, याला उन्हाची झळ लागू देऊ नका. खरं तर पाऊस पडेपर्यंत ताईला ठेवूनच घ्यायचं ठरलं होतं. पण आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली आणि जामनेरहून निरोप आला. ताईची आजेसासू अंथरुणाला खिळली होती, अन्न सुटलं होतं, आणि एकच घोष करत होती की पणतू दाखवा. त्यावर नाही म्हणणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. बाळंतिणीला आणि तान्ह्याला दिवस उगवायच्या आत किंवा दिवे लागल्यावर उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हा अक्कांचा नियम. म्हणजे एरंडोल, जळगाव, नेरी करत जामनेर गाठायचं ते उन्हातच.

आणि आबांना जायचं होतं टपाच्या गाडीतून.

याला कारण होतं. ताईच्या लग्नात वऱ्हाडासमोर तिचे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणत, आमच्या जीपकडे बघून म्हणाले होते, "काय आबा, दारात मांडव घातलात तो घातलात, गाडीवरही मांडवच?" सगळं वऱ्हाड हसलं. आबाही हसले. पण पुढच्याच महिन्यात ते धुळ्याला जाऊन टपाचं माप देऊन आले. तो टप जामनेरने अजून पाहिलेला नव्हता.

त्या काळी आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. डोक्यावर पदर घ्यायचा, तोंड सासूकडे करायचं आणि सासऱ्याला ऐकू जाईल असं बोलायचं. मी तसंच केलं.

"अक्का, आबांना सांगा, टपात बाळाला त्रास होईल. हूडच राहू द्या."

आबांनीही अक्कांनाच सांगितलं, आपल्या अहिराणीत. "तिले सांग, मनी पोर ताडपत्रीना गाडीमा जाणार नही. बठ्ठं जामनेर देखस तठे."

ताई आतून बाळाला पाजता पाजता ओरडली, "आबा, जाणार मी आहे. मला कोणी विचारलं का?"

हूड उतरला, टप चढला. बोल्ट मीच काढून दिले. काम करायचंच तर नीट व्हायला हवं. आमचा सालदार, सालाच्या बोलीवरचा गडी, वर्षभर घरचाच माणूस असल्यासारखा वावरायचा, त्याला कोणाची भीड नव्हती. त्याने शेवटचा नट आवळला, पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "वहिनी, हाऊ टप नही, तवा शे तवा. भाकर टाकी द्या, शेकाई जाई."

आबांनी न ऐकल्यासारखं केलं आणि टपाला निळा रंग द्यायला बसले.

मी दुसरी तयारी सुरू केली. ओली पोती, माठ, बाळाची जास्तीची दुपटी, ताईसाठी कोकमाचं सरबत. पण जितकं सामान काढलं तितकं मला स्पष्ट दिसत गेलं की यातल्या कशानेही पत्रा गार होणार नाही.

मार्ग निघाला तो अक्कांकडून, आणि तोही त्यांच्या नकळत. त्या दिवसांत घराघरांत कुरडया घालणं चाललं होतं. धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, घातल्या की कावळे आणि माकडं. जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी अक्कांनी बघितलं, की गाडी बंद आहे, रंग वाळलाय, आत कावळा शिरत नाही. त्यांनी ओल्या कुरडयांची दोन ताटं जीपच्या मागच्या बाकांवर ठेवली आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात रिकामी वस्तू रिकामी राहत नसे. दोन दिवसांनी वाळल्या की काढू, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या त्याच बाकांवर बाळ असणार आहे, आज संध्याकाळीच काढा.

दुपारच्या चहाला त्यांनी सहज एक ताट काढून बघितलं. धाब्यावर दोन दिवस घेणारी कुरडई कडकडीत वाळली होती. बोटात धरली तर मोडली. ताटाची कड त्यांच्या हाताला चटका देऊन गेली.

अक्का ताट तसंच पदरात धरून ओसरीवर आल्या. आबा पान लावत होते. ताट त्यांच्यापुढे आपटलं.

"देखा. सकायले ओली व्हती."

आबांनी एक तुकडा मोडून बघितला. "चांगली वायनी."

"चांगली वायनी? नातू काय कुरडई शे का तुमना?"

आबांनी पानाला चुना लावायचा थांबवला. आतून बाळ रडायला लागलं.

पान तसंच खाली ठेवून आबा म्हणाले, "आते काय करू? हूड घरमा नही."

मग कळलं. टप चढल्या चढल्या आबांनी हूड भावकीतल्या लग्नाला देऊन टाकला होता. पुढच्या आळीत दुसऱ्या दिवशीचं लग्न होतं, आचाऱ्याला चुलाण्यांवर सावली हवी होती. आबांनी स्वतःहून हूड उचलून दिला. घरात हूड राहिला तर सून आणि बायको मिळून आपला बेत मोडतील, हे त्यांना ठाऊक होतं. तेवढं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

"मग मागून आणू," माझे यजमान म्हणाले.

आबा एकदम ताठ झाले. "लगनले देल वस्तू मांगू? मरी गया तरी नही."

हेही खरंच होतं. लग्नघरी दिलेली वस्तू मांडव उतरायच्या आत मागायची नाही, ही आमच्याकडची रीत. ती मोडायला लावली असती तर आबांनी गाडीच रद्द केली असती, आणि म्हातारी तिकडे वाट बघत राहिली असती. मी अक्कांकडे तोंड केलं.

"अक्का, मागायचं कशाला? बदलून द्यायचं. आचाऱ्याला सावलीच हवी आहे ना? टप द्या. कापडाला ठिणगी लागते, पत्र्याला लागत नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे, पहिल्यांदाच. मग सालदाराला हाक मारून म्हणाले, "गाडं जुप."

टप निंबाखाली उतरला. पांढरे बोल्ट आधी, मग लाल, हिरवे, मागचे शेवटी. ताज्या निळ्या रंगाचा तो टप बैलगाडीवर उलटा बसवला आणि मिरवत निघाला. पुढे आबा, डोक्याला फेटा. आळीतली माणसं दारात येऊन बघत होती. एका म्हातारीने विचारलंच, "आबा, आहेर शे का हाऊ?" सालदार म्हणाला, "हा वं माय, नवरीले धुळ्यानी छत्री!" आबांनी मान वळवली नाही.

आचाऱ्याला हे पसंतच पडलं. त्याच्या तेलाच्या कढईवर हूड इतका खाली बांधला होता की दोन-चार ठिकाणी ठिणग्यांनी भोकं पडली होती. टप चार बल्ल्यांवर चढला, हूड सुटला. मी तो अंगणात आणून झटकला, तेलकट भाग राखेने घासला, पण तळणाचा वास काही जाईना. ठिगळं लावायला वेळ नव्हता. हूडच्या लोखंडी कमानी आधी उभ्या केल्या, वर कॅनव्हास ओढला, पट्टे सैल ठेवले. कॅनव्हास ओला केला की आक्रसतो, आणि मला तो ओला करायचाच होता.

सकाळी ऊन पडल्यावर निघालो. यजमान गाडी चालवत होते, शेजारी आबा. मागे ताई, बाळ, अक्का आणि मी. कडेचे पडदे वर बांधलेले. एरंडोलला थांबून हूडवर घागरभर पाणी ओतलं, जळगावला एकदा, नेरीच्या विहिरीवर एकदा. गरम वारा ओल्या कापडाला लागून आत यायचा तो गार होऊन. ठिणग्यांच्या भोकांतून उन्हाचे ठिपके यायचे आणि बाळाच्या दुपट्यावर हलत राहायचे. ताई ते हाताने झाकत होती. नेरीच्या पुढे बाळ झोपलं. आबा दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचे आणि पुन्हा पुढे बघायचे.

जामनेरला नाना दारातच उभे होते. भाकरतुकडा ओवाळून टाकल्यावर ताई आत गेली. आजेसासूची खाट माजघरात होती. म्हातारीला दिसत कमी होतं. ताईने बाळ तिच्या कुशीत ठेवलं. म्हातारीने हात फिरवला, डोक्यावरून, कपाळावरून, पावलांवरून. एवढ्या उन्हातून आलेल्या पोराला ताप असणार असं तिने धरलंच असावं, कारण ती दोनदा कपाळ चाचपत राहिली.

"गार आहे पोरगं," ती म्हणाली. "गार आहे." आणि मग तिने पेज मागितली. घरातल्या बायका पेजेसाठी इतक्या लगबगीने धावल्या, की मला कळलं, बऱ्याच दिवसांत तिने काही मागितलं नव्हतं.

बाहेर नाना जीपभोवती फिरत होते. हूडला नाक लावून त्यांनी वास घेतला.

"आबा, गाडीत काय तळत आलात की काय? आणि मांडव अजून तोच? मी तर ऐकलं होतं, तुम्ही पत्र्याचा टप केलाय म्हणून."

मी दाराच्या आड उभी होते. अक्कांनी माझा हात धरला. लग्नातलं ते हसू आम्हा दोघींनाही आठवत होतं.

आबांनी फेटा काढला, घाम पुसला, आणि माजघराकडे एकदा बघितलं. आतून म्हातारीचा आवाज येत होता, पेजेत मीठ कमी आहे म्हणून.

"टप शे ना," आबा म्हणाले. "चांगला निया टप शे. पन तो लगनले गयेल शे."

"लग्नाला? टप?"

"हा. त्याले आवतन व्हतं. आमले नातूले आनाले सांगेल व्हतं. ज्यानं त्यानं काम."

नाना इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. आबाही हसले. या वेळचं त्यांचं हसू घरी येईपर्यंत टिकलं.

परतलो तेव्हा लग्न पार पडलं होतं. टप आळीतली मंडळी स्वतः आणून देऊन गेली. खालून धुराने काळा आणि वरून निळाच. मी तो घासला नाही. मृगाच्या आधी चढवायचा तेव्हा बघू म्हटलं. हूडची भोकं मात्र त्याच आठवड्यात ठिगळं लावून बुजवली. आबा शेजारी खाट टाकून बसले होते. त्यांनी अक्कांना हाक मारली नाही. मलाच विचारलं, "सूनबाई, औंदा टप कधी चढवाना?"

मी सांगितलं.