पवनीचा उंच खांब

भंडाऱ्यातल्या एका धानसंस्थेच्या कार्यालयात १९८६ साली संगणक आला, तेव्हा चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचा पहिला मान टेकचंदला मिळाला. तोवर तालुक्यांच्या धानाचे आलेख तो हातानेच काढी. आता तो बेसिकमध्ये प्रोग्राम लिही आणि प्रिंटर करकरत खांबांची रांग उभी करी.

फ्लॉपीवर आलेख ठेवताना नावं मात्र तो आपल्या गावी, आसगावात, धानाच्या बांध्यांना असतात तशी, घडेल त्यावरून देई. साहेब ओरडले त्या दिवशीचा आलेख 'भांडण', डब्यात वांगं आलं त्या दिवशीचा 'वांगं'. मागच्या वर्षीचा धानाचा आलेख 'जावई'मध्ये आहे, हे अख्ख्या कार्यालयात त्याला एकट्यालाच ठाऊक. याचा त्याला मनातून फार अभिमान होता.

धुरपताच्या लग्नात हाच अभिमान आडवा आला. मुलीच्या लग्नासाठी त्याने रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "मग आलेख कोण काढणार? गेल्या वर्षीचा आलेख निर्मलाबाईंनी तुमच्याशिवाय जसाच्या तसा काढून दाखवला, तर सही करतो."

घरी बायको पंचफुला कडाडली, "मग मांडवात पोरीच्या बापाच्या जागी त्या मशीनले बसवू का?"

टेकचंद कामाला लागला. आकडे एका फाइलीत, खांब काढायचा प्रोग्राम दुसरीत. नावात फक्त पीक आणि साल. 'जावई'चा 'धान८६' झाला. टंकलेखिका निर्मलाबाईंना त्याने सगळं शिकवलं.

परीक्षेच्या दिवशी तो हात मागे बांधून उभा राहिला. बाईंनी कळा दाबल्या, कागद बाहेर आला. साहेबांनी तो गेल्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवला. सगळे तालुके तंतोतंत. पवनीचा खांब मात्र बोटभर ठेंगणा.

"बाई, चुकलात."

"माह्या हातून कायले चुकन, साहेब? आकडे तेच हायेत." बाईंनी जुना कागद खिडकीशी धरला. "टेकचंदभाऊ, पवनीच्या डोक्यावर हे स्केचपेन कायचं?"

टेकचंदने ते टोक ओळखलं. रिबन फिकी पडली की तो खांब स्केचपेनने गडद करी. बाकीच्या तालुक्यांत पेन रेघेवर थांबे. पण आसगाव पडलं पवनी तालुक्यात. तिथे हात थांबायलाच तयार नसे. प्रोग्राम चुकला म्हणावं, तर रजा गेली. खरं सांगावं, तर अब्रू गेली. त्याच्या डोळ्यांपुढे बापाविना मांडव आला.

"साहेब, तेवढं टोक धानाचं नाही. माझं आहे."

"अहो, नागपूरच्या बैठकीत याच टोकावर मी भाषण ठोकलं!" साहेब लाल झाले. निर्मलाबाई भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होत्या. मग साहेबांनी रजेचा कागद ओढला. "बाईंचाच आलेख खरा, एवढं तरी आज कळलं. दुरुस्ती नागपूरला पाठवा आणि निघा."

टेकचंदच्या आधी ती बातमी आसगावात पोचली. लग्नाच्या पंगतीत म्हातारे केवळराम मोठ्याने म्हणाले, "काहून बा, पोरीच्या लग्नाच्या तोंडावर गावाचं धान कमी करून आला?"

"कमी केलं म्हनून त मांडवात दिसून राहिलो, काका," टेकचंद म्हणाला आणि त्याने त्यांच्या पत्रावळीवर भाताचा ढीग घातला.

"अरे, पुरे! किती वाढतं?"

"खा, काका. इथं वाढवलं त साहेब काही म्हनत नाही."